दिग्दर्शक व्हायचंय, पण खुर्ची कोऑर्डिनेटरची मिळतेय

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा, वय २७. तिथेच चित्रकलेचा डिप्लोमा केला, मग ॲनिमेशनचा एक कोर्स करून पुण्यातल्या एका स्टुडिओत लागलो. चार वर्षं झाली, टीव्हीच्या मालिकांसाठी टूडी ॲनिमेशन करतोय. तयार रिग (सुट्या तुकड्यांची जोडलेली पात्रं) येतात, आम्ही ते हलवायचे आणि रोजचं फुटेज द्यायचं. काम जमतं, पण मन भरत नाही. मला डिरेक्शन करायचंय.

मागच्या महिन्यात माझ्याकडे एक सीन होता. आजोबा नातवाला रागावतात. ॲनिमॅटिकमध्ये (कच्च्या चित्रांना आवाज लावून केलेल्या आराखड्यात) आजोबांचं बोलणं संपलं की लगेच कट होता. मी नातवाच्या चेहऱ्यावर बारा फ्रेम जास्त थांबलो आणि पुढच्या शॉटमधून तेवढ्याच कापल्या. डिरेक्टरनी काही न बोलता ते तसंच ठेवलं.

आता ऑफिस म्हणतंय, प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर हो, म्हणजे सगळ्यांच्या तारखा आणि कामाच्या शीट सांभाळ. तू सगळ्यांशी नीट बोलतोस, तुझ्या शीट कधी चुकत नाहीत. पगारही थोडा वाढेल. पण मला ती निव्वळ कारकुनी वाटते. वडील म्हणतात, उद्यमनगरात आपलं वर्कशॉप आहे, परत ये. दोन मित्र म्हणतात, भावा, नोकरी सोड, कोल्हापुरातच स्टुडिओ काढू. माझ्याकडे एक मालिका तयार आहे. खेड्यातून कोल्हापूरच्या गंगावेशीच्या तालमीत राहायला आलेला बारा वर्षांचा पोरगा. पहिल्याच एपिसोडला खासबागचं खच्चून भरलेलं मैदान आणि जवळजवळ पूर्ण वेळ कुस्ती. काय करू?

— सं. पा., पुणे

उत्तर

प्रिय सं.,

तू विचारलेल्या प्रश्नांआधी मला त्या बारा फ्रेमबद्दल बोलायचंय. आपल्या टीव्हीच्या सेकंदात पंचवीस फ्रेम, म्हणजे तू जेमतेम अर्धा सेकंद थांबलास. पण त्या अर्ध्या सेकंदात आजोबांचं बोलणं नातवाला लागलं, आणि ते लागलेलं बघणाऱ्या पोराला दिसलं. शिवाय एपिसोडची लांबी बिघडू नये म्हणून तेवढ्याच फ्रेम तू दुसरीकडून काढल्यास. कुठे थांबायचं हे ठरवणं दिग्दर्शकाचं काम, आणि त्या थांबण्याची किंमत कुठून भरायची हे बघणं निर्मात्याचं. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू दोन्ही केलंस. (पुढच्या वेळी मात्र विचारून कर. ॲनिमॅटिकवर आवाज आणि संगीत बसवलेलं असतं. अशी न सांगता केलेली सरकवासरकव साउंडवाल्याच्या टेबलावर जाऊन फुटते.)

म्हणून माझं मत आधीच सांगते. तू डिरेक्शनकडेच जा. कोऑर्डिनेटरचं काम अटी घालून घे. स्टुडिओ आत्ता काढू नकोस.

टीव्हीच्या ॲनिमेशनमध्ये दिग्दर्शक म्हणजे सगळ्यात चांगली चित्रं काढणारा माणूस, अशी बाहेर समजूत आहे. चार वर्षं आत राहूनही ती तुझ्या मनातून पुरती गेलेली नाही, असं पत्रावरून वाटलं. मी मुंबईत मालिकांच्या कामात होते तेव्हा पाहिलेले चांगले डिरेक्टर दिवसभरात क्वचितच पेन हातात धरायचे. अकरा मिनिटांचा एक भाग म्हणजे ६६० सेकंद, १६,५०० फ्रेम. मालिका बहुतेक वेळा बावन्न भागांची. त्यातला एक भाग स्क्रिप्टमध्ये, दुसरा बोर्डवर (शॉटवार कच्ची चित्रं), तिसरा ॲनिमेशनला, चौथा कॉम्पमध्ये (चित्रांचे थर एकत्र करणं), पाचवा मिक्सला (आवाज जुळवणं), हे सगळं एकाच आठवड्यात. सकाळी बोर्डवर खुणा, दुपारी आवाजाचं रेकॉर्डिंग, संध्याकाळी रिटेकची, म्हणजे परत करायच्या शॉटची, यादी. पोराची पिशवी मागच्या शॉटला डाव्या खांद्यावर होती, आता उजव्या खांद्यावर कशी आली, हे त्यालाच आठवावं लागतं. आणि प्रत्येक भागात कुठलं चित्र काढायचंच नाही, हेही तोच ठरवतो. टीव्हीचं दिग्दर्शन बरंचसं या शेवटच्या निर्णयावर उभं आहे.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचं उदाहरण म्हणूनच घेते. दोघांनी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत १९४० पासून टॉम आणि जेरीचे लघुपट केले आणि त्यांना सात ऑस्कर मिळाली. १९५७ मध्ये एमजीएमनं कार्टून विभागच बंद केला. दोघे टीव्हीकडे वळले, तर तिथे त्या लघुपटांच्या मानानं पैसा अगदीच तुटपुंजा आणि वेळ त्याहून कमी. मग त्यांनी हलणारं शरीर थांबवलं. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे ना, तो नुसता नखरा नाही. मान कॉलरखाली झाकली गेली की धड तसंच ठेवून फक्त डोकं हलवता येतं आणि सांधा दिसत नाही. आज तू जो कट-आउट रिग हलवतोस, त्याच्यामागे हीच अक्कल आहे. या जोडीत चित्र आणि विनोद ही बार्बेरांची बाजू, तर टायमिंग आणि माणसांना कामाला लावणं ही हॅनांची. दोघेही दिग्दर्शक होते, दोघेही निर्माते झाले. तुझ्या ऑफिसला तुझ्यात जे दिसलं ते हॅनांच्या बाजूचं आहे. त्याला कारकुनी म्हणू नकोस.

आता तुझी मालिका. कल्पना मला मनापासून आवडली. तालमीतलं पोरांचं जग टीव्हीच्या कार्टूनमध्ये यायला हवं आणि ते तिथे जाऊन-येऊन असलेल्या माणसानंच करायला हवं. पण पहिला भाग तू सांगतोस तसा केलास तर मालिका तिथेच चितपट होईल. कारण समजून घे.

कट-आउट रिग दोन माणसं वेगवेगळी उभी असतात तोवर गुणी असतो. बोलणं, चालणं, वळून बघणं, सगळं करतो. कुस्तीत काय होतं? एकाचा हात दुसऱ्याच्या बगलेखालून जाऊन मानेमागे येतो. कुठला तुकडा पुढे आणि कुठला मागे, हे दर दोन-चार फ्रेमला बदलतं. बोटं मनगटाला पकडतात, पाय पायात अडकतो, अंगाला माती लागते आणि पुसली जाते. तिथे रिग उपयोगी पडत नाही, हातानंच काढावं लागतं, आणि तेही शरीर कळणाऱ्या माणसानं. अशी दहा सेकंद मिनिटभराच्या संवादाइतका वेळ खातील. त्यात भोवती गच्च भरलेलं खासबाग. स्क्रिप्टमध्ये 'हजारो प्रेक्षक' हे दोन शब्द लिहायला काही लागत नाही, पण ते वाचून खर्च आणि वेळ बघणारा लाइन प्रोड्यूसर पेन खाली ठेवेल.

मी तो भाग असा बघते. खासबागचा एकच मोठा बीजी (मागचं चित्र), अगदी जीव ओतून रंगवलेला. मध्ये लाल मातीचा गोल आणि चहूबाजूंनी चढत गेलेली माणसं. त्यावरून कॅमेरा सावकाश फिरतो, बाकी काही हलत नाही. पुढच्या ओळीला फेटे आणि टोप्यांच्या काळ्या आकृत्या, त्यांची छोटी सायकल, म्हणजे तीच हालचाल फिरून फिरून. गर्दी खरी उभी राहते ती आवाजात. हलगी कडाडतेय, मध्येच कुणीतरी शिट्टी मारतंय, आणि माइकवरचा निवेदक एका श्वासात मल्लाचं गाव, तालीम आणि वस्ताद सांगतोय. मल्ल आपण तुकड्यातुकड्यात बघतो. मांडीवर ठोकलेला शड्डू. एकमेकांच्या अंगावर टाकलेली मूठभर माती. मातीत रुतलेली टाच. मग कट तुझ्या पोरावर. तो पहिल्यांदाच इथे आलाय, त्याला पुढच्या माणसाच्या पाठीमुळे अर्धंच दिसतंय. निवेदक ओरडतोय, 'पट काढला, पट काढला, सुटला!' आणि आपण कुस्ती बघतोय ती पोराच्या चेहऱ्यावर. त्याचे डोळे डावीकडे, उजवीकडे, तोंड उघडं, शेजारच्या आजोबांचा हात त्यानं घट्ट धरलाय. या सगळ्याला तुझा साधा रिग पुरतो.

आणि मग एकदाच, फक्त पंधरा सेकंद, पुढचा माणूस खाली वाकतो आणि पोराला सगळं दिसतं. ढाक, कुस्तीतला डाव. पूर्ण हातानं काढलेली, सगळ्यात चांगला ॲनिमेटर त्यावर बसवून, पाहिजे तेवढे दिवस देऊन. त्या पंधरा सेकंदांना हलगीही बंद. पाठ मातीला लागते तेव्हा कुठे आवाज परत येतो.

असा भाग वेळेत होतो, बजेटमध्ये बसतो आणि पोरांच्या लक्षात राहतो. बाकीच्या भागांत तालमीचं रोजचं जगणं आण. पहाटेचा अंधार, हौदातली माती उकरणं, तिच्यात ताक, हळद आणि तेल मिसळणं, बदाम वाटत बसणं, स्वतःची भाकरी स्वतः थापायची पाळी आल्यावर झालेली फजिती, वस्तादांचा आवाज, रात्री येणारी आईची आठवण. मालिका खरं तर तीच आहे. कुस्ती दर भागात वीस सेकंदांच्या वर जाऊ देऊ नकोस.

हे जे मी लिहिलं, ते तुला स्टोरीबोर्डवर मांडता आलं पाहिजे. दिग्दर्शनाचा खरा रस्ता बोर्डवरून जातो. ॲनिमेटर म्हणून तू आणखी पाच वर्षं फुटेज दिलंस तर उत्तम लीड होशील, सुपरवायझर होशील. पण शॉट कुठून घ्यायचा, किती वेळ ठेवायचा, कधी सोडायचा, हे तुझ्यापर्यंत येतं तेव्हा आधीच ठरलेलं असतं. ते ठरतं बोर्डवर आणि ॲनिमॅटिकमध्ये. म्हणून पुढच्या काही महिन्यांत एक कर. ऑफिसमध्ये परवानगी घेऊन टीव्हीवर येऊन गेलेल्या एखाद्या भागाची स्क्रिप्ट माग. भाग परत न बघता त्यातल्या दोन मिनिटांचा बोर्ड स्वतः काढ. काडीची माणसं चालतील. तात्पुरत्या आवाजात ॲनिमॅटिक कर, आणि मगच मूळ भाग शेजारी लावून बघ. जिथे तुझा शॉट वेगळा पडला तिथे थांब आणि कारण लिहून काढ. कधी त्यांचं बरोबर असेल, कधी तुझं. काही वेळा तुझा शॉट चांगला असूनही तो काढायला दुप्पट दिवस लागले असते, आणि याच जागी तू सगळ्यात जास्त शिकशील.

आता कोऑर्डिनेटरचं. ही खुर्ची तुला काय शिकवेल ते एका हिशेबात सांगते. समज, तुमचा एक ॲनिमेटर दिवसाला दहा सेकंद देतो. ६६० सेकंदांना सहासष्ट माणूस-दिवस. अकरा जण असतील तर सहा दिवस. त्यातलं वीस टक्के रिटेकला परत आलं तर १३२ सेकंद, म्हणजे आणखी तेरा माणूस-दिवस. त्याच आठवड्यात दोघांना ताप आला आणि चॅनेलनं दोन शॉट बदलायला सांगितले, तर पुढच्या भागाची माणसं ओढावी लागतात आणि तो भाग घसरतो. डिरेक्टर एका शॉटवर 'अजून एकदा बघू' म्हणतो तेव्हा त्या तीन शब्दांमागे कोण किती वाजता घरी जाणार आहे, हे ज्याला ठाऊक असतं तो ते शब्द जपून वापरतो. टीव्हीत टिकलेले दिग्दर्शक मला असेच दिसले. कोऑर्डिनेटरच्या खुर्चीत हे सगळं रोज डोळ्यांसमोर घडतं.

धोका मात्र खरा आहे. या खुर्चीतला सरळ रस्ता लाइन प्रोड्यूसर आणि मग प्रोड्यूसर असा जातो. वर्ष-दीड वर्ष गेलं की लोक तुला तारखा विचारायलाच फोन करतात आणि तू चित्रं काढतोस हे विसरतात. म्हणून काम स्वीकारण्याआधी बोलून घे. एक, हे काम या एका सीझनपुरतं, नंतर पुन्हा चर्चा. दोन, ॲनिमॅटिकच्या आणि रिटेकच्या प्रत्येक बैठकीत तू बसणार. नुसता वही घेऊन बसलास तरी चालेल, पण बसणार. तीन, दर दोन-तीन भागांमागे एक छोटा सीक्वेन्स बोर्ड करायला तुला मिळणार. ही बोलणी झाली की त्याच दिवशी मेलवर दोन ओळींत लिहून पाठव, 'आपलं असं ठरलं' म्हणून. आवाज चढवायची गरज नाही. तुझ्यासारख्या माणसाची त्यांना गरज आहे, म्हणून तर त्यांनी विचारलं. दुसरी आणि तिसरी अट दोन्ही नाकारल्या, तर नम्रपणे नाही म्हण, ॲनिमेशनवरच राहा आणि ज्युनियर बोर्ड आर्टिस्टची जागा दुसरीकडे शोध. पुण्यात, मुंबईत, हैदराबादला अशा जागा निघतात. पगार सुरुवातीला थोडा खाली आला तरी ती जागा घे.

मित्रांचा स्टुडिओ. तिघांचा उत्साह मला कळतो आणि कोल्हापुरात हे व्हावं असं मलाही वाटतं. इथे तशी परंपराच आहे. बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवता रंगवता स्वतःचा कॅमेरा बनवला आणि सिनेमा काढला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात उभी केली. त्या पाच भागीदारांत चित्रकार होते, यंत्रात डोकं चालणारे होते, दिग्दर्शक होते आणि पैशाची बाजू बघणारे सीतारामपंत कुलकर्णीही होते. पुण्याला गेल्यावर १९३४ मध्ये त्यांनी 'जंबूकाका' हा कार्टूनपटसुद्धा केला. पण एक गोष्ट बघ. कंपनी काढायच्या आधी त्यातले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत वर्षानुवर्षं राबले होते.

ॲनिमेटर राम मोहन यांचंही तसंच. १९५६ मध्ये ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकले, सरकारी माहितीपट करत राहिले आणि १९६८ मध्ये बाहेर पडले. स्वतःची कंपनी १९७२ मध्ये. पुढे युनिसेफसाठी 'मीना' केली, २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. राजीव चिलका यांनी हैदराबादला ग्रीन गोल्ड २००१ मध्ये काढली आणि 'छोटा भीम' पोगोवर आला २००८ मध्ये. मधली सात वर्षं कंपनी चालवावी लागते, पगार करावे लागतात.

ती वर्षं कशी निघतात हे तुझ्या वडिलांना विचार. उद्यमनगरात जॉबवर्क करणारा कारखानदार आणि बाहेरच्या मालिकांचं काम घेणारा स्टुडिओ यांचा हिशेब एकच. ड्रॉइंग दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, तारीख दुसऱ्याची, रिजेक्शन आपल्या खिशातून. स्वतःचं प्रॉडक्ट काढायचं तर आधी जॉबवर्कवर शेड चालवावी लागते आणि संध्याकाळी उरलेल्या वेळात नमुना तयार करावा लागतो. वडील 'परत ये' म्हणतात त्यात काळजी आहे, पण त्यांच्याकडे ज्ञानही आहे. पुढच्या वेळी घरी गेलास की त्यांच्यासमोर तुमच्या एका एपिसोडचा खर्च मांड. माणसं, दिवस, रिटेक, डिलिव्हरीची तारीख, पेमेंट किती हप्त्यांत येतं, सगळं. ते दहा मिनिटांत सांगतील की हे गणित कुठे गळतंय. तुझं काम म्हणजे नुसती चित्रं नव्हेत, त्यातही असा धंदा आहे, हे त्यांना दिसलं तर 'परत ये' याचा सूर बदलेल असं मला वाटतं. बदललाच पाहिजे असं नाही. वर्कशॉप त्यांचं आहे आणि ते पुढे कुणी चालवावं ही त्यांची इच्छा खोटी नाही. तिला उत्तर देणं टाळू नकोस. 'अजून तीन वर्षं द्या' असं स्पष्ट सांग.

स्टुडिओऐवजी तिघांनी मिळून दोन मिनिटांची एक फिल्म करा. तीच खासबागची, मी वर लिहिली तशी किंवा तुझ्या पद्धतीनं. सॉफ्टवेअरसाठी पैसे घालू नका. ब्लेंडर आणि ओपनटूंझ फुकट आहेत. लॅटव्हियातला 'फ्लो' हा पूर्ण लांबीचा चित्रपट ब्लेंडरवर झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा साधनांची सबब आता उरलेली नाही. हलगीचा आणि निवेदकाचा आवाज खऱ्या मैदानात, परवानगी घेऊन, रेकॉर्ड करा. दोन मिनिटं पूर्ण करताना तुम्हा तिघांत कोण तारीख पाळतं, कोण रुसतं, कोण शेवटच्या रिटेकला हजर असतं, ते सगळं कळेल. भागीदारी करायची की नाही हे त्यावरून ठरवा.

त्याआधी कागदपत्रं. तुझ्या नोकरीचा करार काढून नीट वाच. पगारी नोकरीत नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, कंपनी असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसंच सांगतं. काही करारांत घरी केलेल्या कामावरही हक्क सांगणारं कलम घुसवलेलं असतं. तुझ्या करारात ते असेल तर ऑफिसकडून लेखी सूट घे आणि ऑफिसच्या संगणकावर तालमीच्या पोराची एक रेषही काढू नकोस. नुसत्या कल्पनेला कायदा संरक्षण देत नाही. लिहिलेल्या गोष्टीला आणि काढलेल्या पात्राला देतो. म्हणून बायबल लिही, म्हणजे पात्रं, त्यांचं जग आणि दहा-बारा भागांच्या गोष्टी थोडक्यात. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद होऊन ते नोंदव. पुढे एखादं चॅनेल किंवा स्टुडिओ हक्क मागेल तेव्हा मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घे. हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पण समोरची कंपनी सहसा 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' असं लिहूनच आणते. सही करण्याआधी वकिलाला दाखव, तिथे पैसे वाचवू नकोस. आणि मित्रांबरोबर आत्ताच, सगळे हसतखेळत असताना, एका कागदावर लिहून ठेवा की पात्रं कुणाची आणि एक जण बाहेर पडला तर काय.

कोर्सबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. सीईईडी ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात किंवा डीएटी देऊन एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत जाता येतं, जागा उत्तम आहेत. मात्र तुला आत्ता पदवीपेक्षा बोर्डचा सराव जास्त हवाय. दोन वर्षांनी स्वतःची गोष्ट सांगायला शांत वेळ हवा असं वाटलं तर तेव्हा जा.

एआयचंही तसंच, थोडक्यात. इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं), लिपसिंक (संवादाप्रमाणे ओठ हलवणं), बीजीचे कच्चे आराखडे ही कामं झपाट्यानं त्याच्याकडे सरकताहेत. त्याची झळ आधी बसेल ती नुसतं फुटेज देणाऱ्यांना. नातवाच्या चेहऱ्यावर बारा फ्रेम थांबावं असं वाटणाऱ्याला उशिरा. तेव्हा घाई करायची असेल तर बोर्डकडे जाण्याची कर.

पहिलं काम या आठवड्यातलं. ऑफिसला 'विचार करतोय' असं सांगून दोन-तीन दिवस माग, त्या तीन अटी कागदावर लिही आणि तुमच्या एपिसोड डिरेक्टरांना चहाला घेऊन जा. त्यांनी त्या बारा फ्रेम का ठेवल्या हे सरळ विचार, आणि तुझ्या अटी त्यांच्या कानावर घाल. वरच्यांशी बोलताना ते तुझ्या बाजूनं असले तर अर्धं काम झालं. खासबागचं ॲनिमॅटिक तयार झालं की मलाही पाठव. रेषा कच्च्या असल्या आणि निवेदक तूच झालेला असलास तरी हरकत नाही.

तुझी,
ताई